घाटाच्या माथ्यावरची जागा

कुंडलिकरावाला जिल्हा परिषदेचं तिकीट हवं होतं. तालुक्याचं सभापतीपद त्याने भोगलं होतं; आता निवडून आला की जिल्ह्याचा अध्यक्ष तोच, असं पक्षात उघड बोललं जात होतं. पण तिकिटाला आणखी एक जण उभा होता. मंचरकडचा, तरुण, शिकलेला, बायकांच्या मेळाव्यात भाषणं ठोकणारा. म्हणून सत्याण्णव सालच्या पौषात कुंडलिकराव जीप घेऊन गावोगावच्या जुन्या माणसांच्या पाया पडत हिंडत होता. "देवाधर्माचं, मानपानाचं जसं चालत आलंय तसंच चालंल," असं म्हणून तो छातीवर हात ठेवायचा.

वाकेवाडीत जत्रा कमिटीचा शब्द म्हणजे गावाचा शब्द, आणि कमिटीत शब्द बहिरूतात्याचा. कुंडलिकराव आला तेव्हा कमिटी खंडोबाच्या देवळाच्या आवारात उन्हाला बसली होती.

"तुमच्या पाठीशी ऱ्हातो," बहिरू म्हणाला. "पर एक हाय. घाटाच्या माथ्यावरची गायरानाची जागा तुमी वस्तीला समाजमंदिरासाठी देताय म्हनं."

"कागद झालाय, तात्या."

"मंग फिरवा. ती जागा घाटाची हाय. जत्रंला गाडं तिथंच उभं ऱ्हात्यात."

खरं म्हणजे गाडे तिथे कधीच उभे राहत नव्हते. शर्यतीचे बैल जुंपायचे ते घाटाच्या, म्हणजे पळायच्या चढाच्या, पायथ्याला, आणि बारी पळून वर आलेले बैल पलीकडच्या उतारावर नेऊन धरायचे. माथ्यावर चार बोरी आणि दगड. हे बहिरूला ठाऊक होतं, कमिटीलाही ठाऊक होतं. पण कमिटीतला भागू म्हणाला, "आज समाजमंदिर बांधत्याल, उद्या म्हनतील जत्रंचा गलका नको," आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

कुंडलिकरावाने फार आढेवेढे घेतले नाहीत. त्याने अट मान्य केली आणि कमिटीने देवापुढे बेलभंडार उचलला. हातात बेलाचं पान, त्यावर चिमूटभर भंडारा. एकदा उचलला की माणूस बांधला गेला. ही गोष्ट देवळाबाहेर जाणार नाही, हेही त्यातच आलं. बहिरूने सगळ्यात आधी हात पुढे केला.

दुसऱ्या दिवशी जयवंत त्याच्या दारात आला.

जयवंत गावकुसाबाहेरच्या वस्तीतला. एसटीत वाहतूक नियंत्रक होता. नारायणगावच्या स्टँडवर गाड्या पुकारून पुकारून त्याचा आवाज असा कमावलेला, की जत्रेत घाटाच्या माईकवर दुसरं कुणी बसायचं नाव काढत नव्हतं. साक्षरतेचे वर्ग निघाले तेव्हा त्यानेच बैल हाकून राठ झालेला बहिरूचा हात धरून पाटीवर अक्षर गिरवून घेतलं होतं. तेव्हापासून बहिरू त्याला मास्तर म्हणायचा.

"या मास्तर. आज कुठली गाडी सोडताय?"

"गाडी हितंच थांबलीय, बहिरूभाऊ. वस्तीतली पोरं त्या मंचरवाल्याच्या मागं निघालीत. त्यांना म्हनलं, जरा दम धरा, भाऊंना इचारतो. समाजमंदिराचं कुंडलिकरावांनीच केलंय. तुमी म्हनाल तर समदी वस्ती त्यांच्या पाठीशी उभी करतो. जागेचं व्हईल ना?"

साळुबाई चहा घेऊन आली होती. नवऱ्याच्या तळहाताच्या रेघांत भंडारा अजून पिवळा होता. बहिरूने कप घेतला नाही, हात धोतरात पुसले.

"व्हईल," तो म्हणाला.

एवढंच बोलला. जयवंताला एवढं पुष्कळ होतं. त्याने कुठलं पान मागितलं नाही, कुठल्या देवापुढे उभं केलं नाही. चहा पिऊन हसत निघून गेला.

"आसं का बोलला?" साळुबाईने विचारलं.

"तू तुजं काम बघ," बहिरू म्हणाला, आणि तिला असं बोलल्याचंही त्याला वाईट वाटलं.

पक्षाचा निरीक्षक तालुक्याच्या विश्रामगृहात बसला होता. गावोगावची माणसं आत जाऊन आपल्या माणसाचं नाव सांगून येत होती. कुंडलिकरावाच्या बाजूला सगळी पागोटी आणि टोप्या. निरीक्षक चष्मा पुसत म्हणाला, "सभापती, म्हातारी माणसं तुमच्याकडं आहेत हे दिसलं. बाकीचं काय? नुसत्या म्हाताऱ्यांवर अध्यक्ष होतो काय कुणी?"

तेव्हा मागून जयवंत उठला. त्याच्याबरोबर वस्तीतली तरणी पोरं होती, इस्त्रीच्या शर्टातली.

"साहेब, आमी बी सभापतींच्या मागं हाय. आमच्या गावात जत्रा कमिटी आनि वस्ती एका इचारानं चालते. आमचं बहिरूभाऊ हितंच बसल्यात, इचारा."

निरीक्षकाने बहिरूकडे पाहिलं. कुंडलिकरावानेही पाहिलं, अगदी शांतपणे, जणू चहा आला की नाही ते बघतोय. बहिरूच्या जिभेवर खरं आलं होतं. त्याने मान हलवली. ती मान कशाला हलली, हे त्याचं त्यालाच ठाऊक.

तिकीट कुंडलिकरावाला मिळालं. तो निवडून आला, अध्यक्ष झाला, गावात गुलाल उधळला गेला. आणि गुढीपाडव्याच्या आधी कागद फिरला. घाटाची जागा जत्रेसाठी राखीव, वस्तीला ओढ्याकाठी जागा. तिथे पावसाळ्यात गुडघाभर पाणी असतं.

जयवंत पुन्हा आला. बहिरूला वाटलं, आता कळलं असेल. सुटलो. पण जयवंताने ओट्यावर बसून त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"तुमालाबी फसवलं त्यानं, भाऊ. तुमी मनाला लावून घेऊ नका."

 तो हात अजून गुडघ्यावरच आहे असं बहिरूला दिवसभर वाटत राहिलं. शेतात गेला तरी, बैलांना वैरण टाकताना तरी.

चैत्रात जत्रा भरली. गाडे आले, गाड्यांपुढे पळणाऱ्या घोड्या आल्या, घाटाच्या दोन्ही अंगाला माणूस मावेना. माईकची खुर्ची मात्र रिकामी. भागूने स्वतः पुकारून पाहिलं. त्याने महाळुंग्याच्या बैलाला बोरी गावचा केला आणि दोन गाडामालक त्याच्या अंगावर धावून आले.

"तात्या, तुमीच जा बाबा," भागू काकुळतीला आला. "तुमचं ऐकंल मास्तर."

बहिरू वस्तीत गेला. जयवंताची आई आक्काबाई दारात गहू निवडत होती. तिने सून असल्यासारखी लगबग करून तांब्याभर पाणी आणलं. "बस लेका. ऊन लागलं असंल."

बहिरू उभाच राहिला. जयवंत बाहेर आला.

"माझ्यानं न्हाई व्हनार, भाऊ. त्या माथ्याकडं तोंड करून बसायचं आनि..."

"मास्तर, जागेचं मीच बोललो व्हतो. अट माझी व्हती. बेलभंडार उचलला व्हता आमी. तुमी आला तवा माझं हात पिवळं व्हतं."

सुपातले गहू थांबले.  जयवंताचा तो स्टँडवरचा आवाज अगदी खाली गेला.

"त्या पोरांना म्या थांबवलं व्हतं. तुमच्या एका शब्दावर."

"व्हय."

"मंग मला काय सांगताय? मी एकटाच फसलो काय?" त्याने घाटाकडे हात केला. "माईक मोकळा हाय."

आक्काबाईने पाण्याचा तांब्या परत आत नेला.

बहिरू घाटावर आला तेव्हा खाली पुढची बारी जुंपून तयार होती. त्याला एकट्यालाच येताना पाहून भागू पुढे झाला, पण बहिरू त्याच्याकडे न बघता खुर्चीत बसला. समोर माथ्यावरची जागा होती. चार बोरी, दगड, एक शेळी. जत्रेचा एवढा लोंढा, पण तिथे एक गाडा नव्हता.

त्याने माईकचं बटण दाबलं. कर्ण्यातून नुसताच श्वास गेला.

"तात्या, गाडा कुनाचा ते सांगा!" खालून कुणीतरी ओरडलं. माणसं हसली.

"गाड्याचं मागनं सांगतो," बहिरू म्हणाला, आणि स्वतःचाच आवाज चारी अंगाने येताना ऐकून जरा थांबला. "आदी जागेचं सांगायचंय. मी बहिरू बोलतोय. जत्रा कमिटीवाला."

भागूने वायरीकडे हात नेला. बहिरूने तो हात धरून ठेवला आणि बोलत राहिला.