आमच्या घरात कोणी राहत नाही

वीज कार्यालयाचं पत्र मी वन्संना दोनदा वाचून दाखवलं. त्या माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. दोघीही विधवा, गेली अकरा वर्षं एका घरात राहतो. पत्रात होतं, की वापर अत्यल्प असल्याने घर रिकामे समजून हिवाळ्याची सरकारी वीजसवलत नाकारण्यात येत आहे.

"म्हणजे आपण मेलो?" वन्सं म्हणाल्या. "कळवायचं तरी!"

वीज महागल्यापासून आम्ही एकाच खोलीत, एका दिव्याखाली बसतो. फ्रिज बंद करून त्यात चादरी ठेवल्यात. हीटर संध्याकाळी तासभर, तोही वन्संच्या गुडघ्यांकडे तोंड करून. मागच्या थंडीत त्यांची छाती भरली, तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं, खोली उबदार ठेवा, पुन्हा असं झालं तर निभावणार नाही. सवलत मिळाली की हीटर रात्रभर लावायचा, असं मी त्यांना कबूल केलं होतं.

माझे वडील लाइनमन. आमच्या गल्लीतले खांब त्यांनी उभे केले. माहेरी पहिला दिवा लागला त्या दिवशी आई म्हणाली, "माणसं बसतील तिथंच दिवा." तेव्हापासून रिकाम्या खोलीत मी दिवा जळू दिलेला नाही. त्या काळी मीटर वाचणारा घरात यायचा, पाणी प्यायचा, कोण आजारी आहे विचारायचा. आता मीटर आपलं आपणच आकडे कळवतो. त्याला वन्संचा खोकला ऐकू येत नाही. समोरच्या बंगल्यात बागेतल्या झाडांनासुद्धा दिवे आहेत. त्यांना सवलत मिळाली.

दुसऱ्या दिवशी दोन बस बदलून वन्संना घेऊन कार्यालयात गेले. खिडकीमागचा कारकून अर्ध्या बाह्यांच्या शर्टात बसला होता, इतकं आत गरम.

"आजी, सिस्टीममध्ये घर बंद दाखवतंय."

"मग मी कोण, भूत?"

"तसं नाही हो. तीन महिने जरा जास्त वीज वापरा, मग पुन्हा अर्ज करा."

"जास्त वापरायला परवडत असतं तर तुझ्या दारात कशाला आले असते? आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना!"

"माझ्या हातात काही नाही, आजी."

"हातात नसेल, पायाशी हीटर आहे ना?" वन्सं मागून म्हणाल्या.

मी त्यांना भिंतीकडच्या हीटरजवळच्या बाकावर बसवलं आणि पिशवीतून विणकाम काढलं. पाच वाजता कारकून उठला.

"आजी, बंद करायचंय. घरी जा आता."

"कुठल्या घरी? तिथं कोणी राहत नाही. तुमच्याच शिक्क्याचं पत्र आहे."

त्याने साहेबांना बोलावलं. साहेबांनी पत्र वाचलं, पुन्हा वाचलं, चष्मा पुसला.

"उद्या माणूस पाठवतो घर बघायला."

"पाठवा. तो येऊन बघून जाईपर्यंत आम्ही इथंच."

"वहिनी, जरा सरका," वन्सं म्हणाल्या. त्यांनी मोजे काढले, या थंडीत पहिल्यांदाच, आणि पाय सरकारी हीटरसमोर लांब केले.