समोरचा दात

"इथं ठोकल्यावर दुखतं?"

डॉक्टर हेमांगींनी आरशाची दांडी लोटनच्या वरच्या समोरच्या दातावर हलकेच आपटली. कळ नाकातून थेट डोळ्यात गेली. त्याने खुर्चीचा हात घट्ट धरला.

"नाही," तो म्हणाला.

"डोळ्यात पाणी आलंय, लोटनभाऊ."

"दिवा डोळ्यावर येतोय, मॅडम."

धुळ्याहून पहाटेची एसटी धरून तो जळगावला आला होता. बोलावणं डॉक्टरांचंच होतं. नऊ वर्षांपूर्वी धुळ्याच्या दातांच्या कॉलेजात त्या शिकत होत्या, तेव्हा त्यांनी चौतीस जणांच्या दातांवर एकच शस्त्रक्रिया केली होती. रूट कॅनाल होऊनही ज्यांच्या हिरडीवर पुन्हा पुन्हा फोड येत होता, अशा दातांवर. हिरडी कापायची, हाडाला भोक पाडायचं, मुळाचं सडलेलं टोक छाटायचं आणि छाटलेल्या टोकाकडून मूळ बंद करायचं. आता त्यांना बघायचं होतं, त्यातले किती दात अजून तोंडात आहेत. बहुतेकांचे फोन लागत नव्हते. दोघे वारले होते. आलेल्यांत लोटन सहावा.

"हे बघा." त्यांनी पडद्यावर जुना एक्स-रे लावला. "ऑपरेशनच्या दिवशीचा. हा काळा खड्डा दिसतोय ना? आणि हा दीड वर्षानंतरचा. खड्डा कुठंय? सगळं हाड भरलं. तुमचा दात मी तीन परिषदांमध्ये दाखवलाय. पुण्याचे मोठे डॉक्टर म्हणाले, काम असं पाहिजे."

लोटनला बरं वाटलं. आपला दात पुण्यापर्यंत जाऊन आला आणि आपल्याला ठाऊक नाही, याचं त्याला हसू आलं.

मग त्यांनी एक बारीक सळई हिरडीच्या कडेने फिरवायला सुरुवात केली. सळई एक-दोन मिलिमीटर जाऊन थांबत होती. डाव्या बाजूला आली आणि एकाच जागी सरसर आत गेली. डॉक्टर थांबल्या. पुन्हा घातली, पुन्हा तेवढीच आत गेली. नवा एक्स-रे काढला, तो त्या बराच वेळ बघत राहिल्या.

"मूळ उभं चिरलंय," त्या म्हणाल्या. "सुपारी फोडता का?"

"नाही."

"दातांनी दोरी, तार, काही ओढता?"

"नाही."

"मग एवढा जोर कशाचा? तुमच्या कागदावर काम लिहिलंय मजुरी. नक्की काय काम करता?"

 लोटनने दोन्ही हात वर घेतले आणि ओठांपुढे एक न दिसणारी नळी धरली. बोटं हलवून दाखवली.

"बँडमध्ये. क्लॅरनेट."

डॉक्टरांनी हातातली सळई ट्रेमध्ये टाकली.

"क्लॅरनेटचं तोंड तर याच दातावर टेकतं. मी तेव्हा तीनदा विचारलं होतं. मूळ आखूड झालंय, या दातावर भार देऊ नका, असं सांगून सांगून थकले होते. का नाही बोललात?"

"तुम्ही वाजवू नको म्हणाल्या असत्या."

"म्हणालेच असते."

"मग?" लोटन म्हणाला.

 दात आजच काढावा लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. चिरलेलं मूळ कुठल्याच उपायाने जुळत नाही, आणि ठेवलं तर शेजारचं हाडही खातं. नवा दात बसवता येईल, पण त्याच्यावर वाद्य टेकवणं विसरा.

"परवा काढू," लोटन म्हणाला. "उद्या पिंपळनेरला लग्न आहे. तेवढं होऊ द्या."

"लोटनभाऊ, सूज आलीय."

"एवढं एकच."

त्यांनी गोळ्या लिहून दिल्या. दात आपोआप पडला तर फेकू नका, मला आणून द्या, असं बजावलं. कागदावर त्या काही लिहीत होत्या. लोटनने खुर्चीवरून उतरताना विचारलं, "पास का नापास?"

"काय?"

"माझा दात. तुमच्या त्या हिशेबात."

डॉक्टर जरा अवघडल्या. "नापासच लिहावं लागतं. दात तोंडात राहिला तरच पास. पण आठ-नऊ वर्षं टिकला, तेही लिहीन मी."

लोटनने मान हलवली. नऊ वर्षं म्हणजे नऊ लग्नसराया. त्यांत किती वराती वाजवल्या, याची मोजदाद त्याने कधी ठेवली नव्हती.

दात बिघडला होता तोही वाजवतानाच. दोंडाईच्याकडच्या एका वरातीत नवरदेवाचा दोस्त नाचत नाचत मागे आला आणि त्याची पाठ क्लॅरनेटवर आदळली. नळी तोंडात घुसली. दात हलला, पुढे काळा पडला. गल्लीतल्या दवाखान्यात रूट कॅनाल केलं, कॅप बसवली, पण दर दोन महिन्यांनी हिरडीवर फोड यायचा आणि तोंडात घाण चव पसरायची. शेवटी कॉलेज गाठलं. शस्त्रक्रियेनंतर दीड महिना त्याने वाद्याला तोंड लावलं नाही. मग सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून वाद्याच्या तोंडावर चिकटवला, म्हणजे दाताला धक्का कमी बसेल, आणि घराच्या मोरीत उभं राहून पहिला सूर काढला. बायको, पुष्पाबाई, दारात उभी होती. सूर स्वच्छ आला तेव्हा तिने पदराने डोळे पुसले होते.

आज तो जळगावहून परतला, तेव्हा ती दारातच वाट बघत होती.

"डाक्टरीन काय बोलनी?"

"चांगला शे म्हने. पुन्याले दखाडा तिनी मना दात."

"मंग तोंड का बरं सुजेल शे?"

लोटन हात धुवायला गेला.

बँड त्याच्या भाच्याचा, नवलचा. नवलचा बाप गेला तेव्हा पोरगा नऊ वर्षांचा होता. लोटनने त्याला घरी आणलं, सूर शिकवले, ताल शिकवला. त्याला फुंकणं जमेना, म्हणून कीबोर्ड घेऊन दिला. पोरगा हुशार निघाला. त्याने बँड उभा केला, मोठ्या भोंग्यांची गाडी केली, आणि मामाला पहिल्या रांगेत मधोमध उभं केलं. लोक ओळखायचे. नवरदेव लग्नाआधी मारुतीच्या पाराला जातो, तिथे बँड थांबतो, आणि लोटन एकटा एक संथ धून वाजवायचा. त्याने स्वतः बसवलेली, देवाला आळवावं तशी. तेवढा वेळ नाचणारी पोरंही गप्प व्हायची. पोरीकडच्या बायका रडायच्या.

गेल्या दिवाळीपासून दात ठणकत होता. वाजवताना कळ कवटीत चढायची. पण गाडीवरच्या भोंग्यांतून स्वतःचा सूर घुमताना ऐकला की तो कळ विसरायचा. इतकी वर्षं वाजवूनही सूर एवढा गोल, एवढा पक्का कधी लागला नव्हता, असं त्याला या लग्नसराईत वाटत होतं. तो एकदा पुष्पाबाईला म्हणालाही होता, "या वरीसले सूर कसा तेलमा भिजेल निंघस."

पिंपळनेरला बँड पोचला तेव्हा दहा वाजले होते. वैशाखाचं ऊन, लाल कोट, सोनेरी झालरी. क्लॅरनेटच्या टोकाला बारका माइक चिकटवलेला, त्याची वायर मागे गाडीला. मोतीलाल आबा, नवरदेवाचे वडील, पुढे आले आणि बोट फिरवत माणसं मोजली.

"अकरा सांगेल व्हतात, नवल."

"अकराच शेतस, आबा."

वरात निघाली. लोटनने दोन गोळ्या घेतल्या होत्या. ढोलाचा प्रत्येक ठोका दातात उतरत होता. त्याने ओठ आवळून दातावरचा भार कमी करून बघितला, पण सूर धरायचा तर दात टेकवावाच लागत होता. अर्धा रस्ता असाच गेला. मारुतीच्या पाराशी नवरदेव घोड्यावरून उतरला. ढोल थांबले. बायका पुढे सरकल्या.

लोटनने डोळे मिटले आणि धून सुरू केली.

पहिली ओळ झाली. दुसऱ्या ओळीत सूर वर चढतो. त्याने पोटातून फुंक घेतली, दात वाद्यावर दाबला, आणि तोंडात काहीतरी कट्‌कन वाजलं. गरम रक्त जिभेवर आलं. कॅपसकट दाताचा तुकडा जिभेवर पडला होता. वेदनेने त्याने क्लॅरनेट तोंडातून बाहेर काढलं.

धून थांबली नाही.

सूर तसाच वर चढला. गोल, पक्का. गाडीवरच्या भोंग्यांतून दुसरी ओळ पूर्ण झाली, तिसरी सुरू झाली. लोटन वाद्य छातीशी धरून उभा होता, तोंड मिटलेलं, हनुवटीवर रक्ताची रेघ. एका म्हाताऱ्या बाईने पदराने डोळे टिपले. त्याच्याकडे कुणीही बघितलं नाही.

त्याने मागे वळून बघितलं. गाडीवर नवल बसला होता. त्याची बोटं कीबोर्डवर चालत होती, आणि त्यातून क्लॅरनेटचा आवाज निघत होता. नजरेला नजर झाली आणि नवलने खाली बघितलं. बोटं मात्र थांबली नाहीत.

धून संपली. नवरदेव पाराला पाया पडायला गेला, तेवढ्यात लोटन गाडीपाशी गेला. त्याने तोंडातला दात हातावर घेतला, रुमालात बांधला, खिशात ठेवला. बोलताना शब्दांतून हवा निसटत होती.

"कधीपाईन?"

"काय, मामा?"

"मना माइक. कधीपाईन बंद शे?"

नवलने कीबोर्डवरचा घाम पुसला. "दिवाळीपाईन."

"बठ्ठासले माहीत शे?"

लोटनने रांगेतल्या सगळ्यांकडे बघितलं. ढोलवाले दुसरीकडे बघायला लागले. ट्रम्पेटवाला रुपचंद, जो रोज लोटनच्या शेजारी उभा राहून वाजवायचा, तो आपल्या वाद्याची कळ उगाच दाबत राहिला.

"तुन्हा सूर फाटे, मामा," नवल हळू आवाजात म्हणाला. "दोन ठिकाने लोके हसनात. तुले सांगाले जीभ वळनी नई. मी म्हनं, उभा ऱ्हास ना, समाधान शे ना त्याले. बास."

लोटनला ती सगळी लग्नं आठवली. शिरपूरचं, चोपड्याचं, पाचोऱ्याचं. प्रत्येक ठिकाणी कळ गिळून त्याने शेवटच्या सुरापर्यंत फुंकलं होतं. रात्री उशीवर रक्ताचा डाग पडायचा, तो बायकोला दिसू नये म्हणून तो उशी उलटी करायचा. दाताचं मूळ ज्यांत चिरत गेलं, त्या सुरांतला एकही कुणाच्या कानावर गेला नव्हता. तेलात भिजलेला सूर त्याच्याच हाताखाली शिकलेल्या पोराच्या बोटांचा होता.

"मी जास घर," तो म्हणाला आणि टोपी काढली.

"मामा." नवलने गाडीवरून उडी मारली. आवाज आता बदलला होता. "आबानी अकरा मोजेल शेतस. मांडवमा परत मोजी. दहा दिखनात ते बठ्ठासन्या देखत मनी इज्जत काढी तो. टोपी घाल. तोंड पूस. वाद्य तोंडले लाव नुसतं. फुकू नको."

"नवल, दात पडना रे मना."

"मंग आते दुखाव नई," नवल म्हणाला. ते मामाला लागेल असं त्याला वाटलं नव्हतं. तो घाईत होता, एवढंच.

पारावरून मोतीलाल आबांनी हात केला. ढोल पुन्हा वाजायला लागले. रांग जुळली, मधोमध एक जागा रिकामी राहिली. आबा मान उंचावून तिकडेच बघत होते.

लोटनने नळावर चूळ भरली. लाल पाणी धुळीत जिरलं. त्याने टोपी घातली, कोटाची बटणं लावली आणि आपल्या जागेवर जाऊन उभा राहिला. रुपचंदने सरकून त्याला जागा दिली. क्लॅरनेट ओठांपाशी आलं, तेव्हा दाताच्या जागेत वाद्याचं तोंड अलगद अडकलं.

भोंग्यांतून सूर निघाला आणि वरात मांडवाकडे चालू लागली. पोरं नाचत होती. लोटन श्वास नाकाने घेत होता, आणि त्याची बोटं नळीवर चालत होती. एकही कळ चुकत नव्हती. गाण्याच्या एका वळणावर नवलने घाईत सूर सरळ नेला. लोटनच्या बोटांनी तिथे मुरकी घेतली, सावकाश, पूर्ण, आणि मगच ती पुढच्या सुरावर गेली.