डोंगरासाठी योग्य आठवडा

बाबा डोंगराच्या माथ्यावर जाऊन आले. चिरंजीव गेले नाहीत.

ही दोन वाक्यं इथे चुकून पडली आहेत. वाचली असतील तर विसरा. आपण मार्च महिन्यात आहोत, कोणीही कुठेही गेलेलं नाही आणि बाबांचा उजवा गुडघा अजून चालू आहे.

चालू म्हणजे कितपत, ते डॉक्टरांनी आज सकाळीच एक्स-रे खिडकीसमोर धरून सांगितलं होतं. "हा या वर्षापुरता आहे. डिसेंबरात बदलू. मग घरात, बाजारात, बागेत, कुठेही फिरा. चढ मात्र बंद."

बाबांनी चाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या. लोकांना वाटतं, लिफ्टवाल्याचं आयुष्य लिफ्टमधून वरखाली करण्यात जातं. पण त्याला बोलावतात ती बंद पडल्यावर, आणि मोटर असते पार गच्चीवर. म्हणजे चाळीस वर्षं माणूस जिन्याने वर गेला आणि लिफ्टने खाली आला. एवढं चढून वर काय दिसलं, असं कोणी विचारलं तर बाबा म्हणत, "पाण्याच्या टाक्या." म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांची मागणी एकच होती. स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतो तो डोंगर, एकदा, मुलाबरोबर. पायथ्यापर्यंत बस, पुढे तीन तासांची चढण, आणि माथ्यावर एकही टाकी नाही.

"उद्या जाऊ," दवाखान्यातून आल्या आल्या ते म्हणाले.

"उद्या?" चिरंजीव हसले. "मार्चमध्ये कोण डोंगर चढतं, बाबा?"

"ज्याचा गुडघा डिसेंबरात जाणार असतो तो."

"एकदाच जायचंय ना? मग धुरकट हवेत, वाळक्या गवतात कशाला? योग्य वेळ काढू. माझ्यावर सोडा."

बाबांनी सोडलं. त्यांना दोष देता येणार नाही. मुलावर विश्वास ठेवू नये असं दवाखान्याच्या कागदावर लिहिलेलं नव्हतं.

चिरंजीव एका छापखान्यात भिंतीवरच्या कॅलेंडरांची जुळणी करत. पुढच्या वर्षाचं काम या वर्षी उरकायचं असल्यामुळे सध्या कोणतं साल चालू आहे हे त्यांना सहकाऱ्यांना विचारावं लागे. त्यांना स्वतःबद्दल फारसे गैरसमज नव्हते. आपल्याला पोहता येत नाही, गाता येत नाही आणि भांडणात मुद्दा दुसऱ्या दिवशी सुचतो, हे ते मोकळ्या मनाने मान्य करत. पण तक्ता आखावा तर आपणच, याबद्दल त्यांची खात्री होती.

तर त्यांनी तक्ता आखला. रकाने असे: दृश्य, वारा, चिखल, ऊन, डास, इतर माणसं. पुराव्यासाठी लांब जायची गरज नव्हती. छापखान्याचं सगळ्यात खपाचं कॅलेंडर त्याच डोंगराचं होतं, बारा महिने, बारा रूपं. गेल्या सात वर्षांची सात कॅलेंडरं चिरंजीवांनी सोडवून बैठकीच्या खोलीत मांडली. चौऱ्याऐंशी पानं. तीन रविवार ते त्यांच्यामध्ये उकिडवे बसून होते आणि आई केरसुणी घेऊन दारात उभी होती.

निकाल लागला. सप्टेंबरचा शेवटचा आठवडा. उतारभर जांभळी फुलं, निरभ्र आकाश, सोनेरी ऊन, सातही वर्षं न चुकता.

"आणि पाऊस पडला तर?" आईने विचारलं.

"सात वर्षांत एकदाही पडलेला नाही. सप्टेंबरचं पान बघ."

"पानावर कशाला पडेल," आई म्हणाली आणि जूनवरून केर काढून पुढे गेली.

बाबा मधूनमधून विचारत. एप्रिलमध्ये म्हणाले, परवा जाऊ या का. एप्रिलला उन्हात शून्य गुण होते. जूनमध्ये म्हणाले, आज ढगाळ आहे, बरं पडेल. चिरंजीवांनी प्रेमाने तक्ता दाखवला. "दृश्य दहापैकी चार आहे, बाबा. चारसाठी गुडघा घालवायचा?"

बाबांना ते पटलं असावं, कारण ते सरावाला लागले. सराव म्हणजे आपल्याच इमारतीचा तीन मजल्यांचा जिना. एप्रिलमध्ये ते एका दमात वर येत. जुलैमध्ये दुसऱ्या मजल्यावर थांबू लागले. तिथे विजेचे मीटर होते. "मीटर बघत होतो," ते सांगत. "आपलं फार पळतंय." ऑगस्टमध्ये ते पहिल्या मजल्यावरही थांबू लागले. तिथे मीटर नव्हते.

"तिथे काय बघत होता?" आईने विचारलं.

"भिंत," बाबा म्हणाले. "चांगली आहे."

चिरंजीवांनी हे ऐकलं. पण सप्टेंबरचा शेवटचा आठवडा सहा आठवड्यांवर आला होता, आणि इतकं थांबल्यावर आता घाई करणं त्यांना अशास्त्रीय वाटलं.

तो आठवडा उजाडला. पिशवी भरली, अंडी उकडली, बाबांनी बुटांच्या नाड्या नव्या घातल्या. चिरंजीवांनी खिडकीतून पाहिलं. डोंगर होता तसाच होता, हिरवट-तपकिरी, न धुतलेल्या रजईसारखा. एकही जांभळा ठिपका नाही.

"फुलं उशिरा दिसतायत," ते म्हणाले. "चार दिवस थांबू."

बाबांनी नाड्या सोडल्या. अंडी सगळ्यांनी नाश्त्याला खाल्ली.

चार दिवसांनीही जांभळं काही दिसेना, तेव्हा चिरंजीवांनी कॅलेंडरच्या फोटोग्राफरला फोन लावला. "सप्टेंबरची ती जांभळी फुलं डोंगराच्या कुठल्या अंगाला असतात रे?"

"कुठली जांभळी?"

"आपल्या कॅलेंडरातली."

"ती तूच टाकलीस की."

"मी?"

"अरे, मी सात वर्षांपूर्वी फेब्रुवारीत दोन दिवस गेलो होतो त्या डोंगरावर. तेवढ्या फोटोंवरच चाललंय आपलं. सप्टेंबरचं पान ओकंबोकं दिसतंय म्हणालास आणि कुठल्याशा साबणाच्या जाहिरातीतली फुलं उतारावर पेरलीस. दरवर्षी थोडी वाढवतोस."

"आणि सोनेरी ऊन?"

"सुट्ट्यांच्या लाल आकड्यांना शोभतं म्हणून. तुझेच शब्द."

"डिसेंबरचा बर्फ तरी?"

"मीठ," फोटोग्राफर म्हणाला. "हे सगळं तू मला का विचारतोयस? तब्येत बरी आहे ना?"

तब्येत बरी होती. चिरंजीव फोन हातात धरून बसले. स्वतःच्या हाताने सात वर्षं केलेलं काम माणूस इतकं साफ विसरू शकतो, याचं त्यांना कौतुकच वाटलं. त्यांनी चौऱ्याऐंशी पानांची साक्ष काढली होती आणि चौऱ्याऐंशी साक्षीदार ते स्वतःच निघाले होते. उलटतपासणीही त्यांनीच घेतली होती, आणि साक्षीदारांची त्यांच्यावर चांगली छाप पडली होती.

आता कुठल्याही शहाण्या माणसाने काय केलं असतं? बापाला घेऊन पुढची बस पकडली असती. चिरंजीवांनी नवा तक्ता आखला. यावेळी खऱ्या नोंदींचा. रोज सकाळ-संध्याकाळ खिडकीतून डोंगर बघायचा आणि गुण द्यायचे.

"किती दिवस?" बाबांनी विचारलं.

"वर्षभर तरी लागेल. चारही बाजूंनी विचार करायचा तर."

बाबांनी गुडघ्याकडे पाहिलं. "याला विचारून सांगतो," ते म्हणाले.

नोव्हेंबरच्या सतरा तारखेला सकाळी खिडकीत डोंगरच नव्हता. धुक्याने तो मुळापासून पुसला होता आणि वर बारीक झड लागली होती. चिरंजीवांनी वहीत लिहिलं: "डोंगर गैरहजर. दृश्य शून्य. वर्षातला सर्वांत वाईट दिवस." इतकी स्पष्ट नोंद आजवर मिळाली नव्हती, त्यामुळे ते खुशीत कामावर गेले. दिवसभर पुढच्या वर्षाचा सप्टेंबर जुळवला. प्रामाणिकपणाचा झटका येऊन त्यांनी फुलं काढून टाकली. मालक म्हणाले, डोंगर आजारी दिसतोय. फुलं परत आली.

संध्याकाळी घरी आले तर दारात वर्तमानपत्रावर बुटांचे दोन जोड, घोट्यापर्यंत चिखल. बाबा खुर्चीत, पाय गरम पाण्याच्या घमेल्यात. आई शेजारी बसून स्वतःच्या पोटऱ्या चोळत होती.

"कुठे गेला होता?"

"वर," बाबा म्हणाले.

चिरंजीव उभे राहिले. "आज?"

"आज सकाळी पहिल्या मजल्यावर न थांबता आलो. म्हटलं, आज आहे, उद्याचं माहीत नाही. तुझी आई म्हणाली, चला."

"मला फोन तरी करायचा."

"केला असता तर तू दृश्य विचारलं असतंस."

हे खरं होतं. याच्यावरचा मुद्दा चिरंजीवांना दुसऱ्या दिवशीही सुचला नाही. आत्ता त्यांनी एवढंच विचारलं, "काय दिसलं?"

"काही नाही. धुकं. हिचा हात दिसत होता, तो धरला."

"वर पोचल्याचं कसं कळलं?"

"चढ संपला," आई म्हणाली. "मग हे खाली बसले आणि हसायला लागले. मला वाटलं, गेलं डोकं. म्हणतात, टाकी दिसत नाहीये. मग मीही हसले. तासभर बसलो होतो काही न बघता. फार मजा आली रे."

"आणि गुडघा?"

"तो वरच संपला," बाबा म्हणाले. "उतरताना हिचे वापरले."

त्यांचा चेहरा चिरंजीवांनी नीट पाहिला. असा चेहरा त्यांना कुठल्याही महिन्यासाठी कधी जुळवता आला नव्हता.

ऑपरेशन डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात झालं, नीट झालं. त्यानंतरच्या रविवारी चिरंजीव कोणालाही न सांगता एकटेच डोंगरावर गेले. स्वच्छ ऊन, वारा बेताचा, चिखल नाही, डास नाहीत, इतर माणसं नाहीत. लांबवर नदी, पलीकडे शेतं, त्यापलीकडे आणखी डोंगर. प्रत्येक रकान्यात दहापैकी दहा. त्यांनी दहा मिनिटं सगळं पाहिलं. हसायला येतं का तेही करून पाहिलं. मग उतरले.

पायथ्याशी डोंगराची देखभाल करणारं एक कार्यालय आहे. तिथल्या खिडकीत सूचनांची वही दोरीने बांधून ठेवलेली असते. आधीच्या पानावर कोणीतरी कचरापेटी मागितली होती. चिरंजीवांनी नवं पान घेतलं, समास सोडला आणि लिहिलं:

"प्रति, कार्यालयप्रमुख. विषय: दिनांक १७ नोव्हेंबर पुन्हा मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त दिवशी आपल्या डोंगरावर धुके होते. अर्जदार त्या वेळी छापखान्यात सप्टेंबर जुळवत होता, ही चूक त्यास मान्य आहे. तरी सदर दिवस, त्याच धुक्यासह व त्या दिवशी होता त्याच गुडघ्यासह, एकूण तीन व्यक्तींसाठी पुन्हा उपलब्ध करून द्यावा. दृश्याची आवश्यकता नाही. रविवार नसला तरी चालेल, अर्जदार रजा टाकेल."