सुईत दोरा ओवेपर्यंत

“उठलीस का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर आता देतेस होय?” ऑनलाइन वर्गातला एक आगाऊ कार्टा फोनमधून खिदळला. पडद्यावरच्या सगळ्या चौकोनांत हशा पिकला.

बाईंचा दुसरा प्रश्न विचारून झाला, तेव्हा कुठे इस्त्रीवालीच्या लेकीचं पहिलं उत्तर पोचलं होतं. बरोबर होतं, पण शिळं. रेंजसाठी पोरगी जिन्यात बसायची, तरी तिचा आवाज रखडतच यायचा.

वर्ग सुटला आणि इस्त्रीवालीचा फोन आला. “उद्यापासून नाही बसायची ती. कपड्यांच्या घड्या तरी घालेल. रोज हसं करून घ्यायला शिकवायचं का?”

“अहो, पोरगी हुशार आहे.”

“मग ती हुशारी तुमच्यापर्यंत पोचत का नाही?”

बाई कुणाचं ऐकून घेणाऱ्यातल्या नव्हत्या. नवऱ्यामागं एकटीनं घर ओढलं, पोराला परदेशी धाडलं, कुणापुढं मान तुकवली नाही. पण आता त्यांनी आवाज खाली आणला. “उद्याचा एक दिवस बसवा,” एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शिवणाचा डबा पुढ्यात ओढला. “मी नाव घेईन त्यानंच बोलायचं. तोवर मी सुईत दोरा ओवणार. ओवून होईपर्यंत बाकीच्यांनी तोंड मिटायचं.”

“बाई, गणित शिकवताय की शिवण?” तोच कार्टा पचकला.

“तुझं तोंड शिवायचंय, म्हणून तयारी.”

प्रश्न विचारला. इस्त्रीवालीच्या लेकीला हाक मारली. दोरा थुंकीनं ओला केला. डोळे अधू, हात कापरे, वेळ लागलाच. तरी पडदा गप्पच. दोरा आत गेला. बाईंनी तो हळूच मागं ओढून घेतला आणि पुन्हा ओवायला घेतला.

“बाई... एक्क्याऐंशी.”

“शाब्बास!”

कुणी हसलं नाही. तिच्या मागून आईचा आवाज रखडत आला, “उद्यापण बसवते हो बाई!”

संध्याकाळी मुलाचा फोन आला. पडद्यावर त्याचं तोंड दिसलं.

“आई, कशी आहेस?”

“बरी आहे रे. आज वर्गात काय गंमत झाली सांगू—”

“आई? काहीच ऐकू येत नाहीये. अगं बोल ना!”

“बोलतेय की, जरा थांब—”

“जाऊ दे. ठेवतो. रविवारी बोलू.”

पडदा काळा झाला. त्यात बाईंना आपलाच चष्मा दिसला.

बाई उठल्या नाहीत. सुईतला दोरा त्यांनी काढून घेतला, टोक ओलं केलं आणि फोनकडे बघत पुन्हा ओवायला घेतला.