मेलेल्या मुलाचा फोन

खरवई गावात हरिचंद्रच्या अंगणात त्या गुरुवारी सकाळी दीडशेच्या वर माणसं बसली होती, पण कुणी साधं खोकतही नव्हतं. समोर पाटावर लाल कापड आणि कापडावर हरिचंद्रच्या मुलाचा, कल्पेशचा फोन. कल्पेश जाऊन पस्तीस दिवस झाले होते.

जलनाथ महाराज फोन घेऊन आत देवघरात गेले, क्षणभरात परत आले आणि फोन पाटावर ठेवला. "जिथं कंपनीचं नेटवर्क संपतं," ते डोळे मिटून म्हणाले, "तिथं आत्म्याचं नेटवर्क सुरू होतं. पाणी घेतं, पाणीच परत देतं. बघा, मी हात लावत नाही."

तांब्यातल्या तीर्थात तुळशीची डहाळी बुडवून त्यांनी ती फोनवर झटकली. एकदा, दोनदा.

पाटाजवळ बसलेल्या हरिचंद्रच्या बायकोच्या, गोदूबाईच्या मांडीवरचा तिचा फोन वाजला. पडद्यावर नाव आलं, 'कल्पेश'. खाली त्याचा हसरा फोटो.

अंगणातून एक लांब श्वास गेला. गोदूबाईनं फोन उचलला आणि महाराजांनी शिकवल्याप्रमाणे स्पीकर लावला. त्यातून घूं घूं असा आवाज आला, वाढत वाढत कानठळ्या बसेपर्यंत.

"बोल ना रं बाला," ती म्हणाली. "मी आई हाय."

"पाण्याखालून बोलतोय तो," महाराज म्हणाले. "शब्द यायला वेळ लागेल."

मी मागे भिंतीला टेकून उभा होतो. मी विष्णुपंत. अंबरनाथच्या एका केमिकल कारखान्यात तीस वर्षं सेफ्टी ऑफिसर होतो, निवृत्तीनंतर इथल्या नव्या बिल्डिंगीत राहायला आलो. चमत्कारावर माझा विश्वास नाही. तरी त्या आवाजानं माझ्याही अंगावर काटा आला, हे कबूल केलं पाहिजे.

कल्पेश सव्वीस वर्षांचा होता. उल्हास नदीच्या बंधाऱ्यावर पाय घसरून पाण्यात गेला आणि चार तासांनी सापडला. फोन त्याच्या पँटच्या खिशातच होता. तो बंद पडलेला फोन कवटाळून बसलेल्या गोदूबाईला कुणीतरी महाराजांचं नाव सांगितलं. महाराजांनी फोन सात दिवस कुंकू लावून अभिमंत्रित केलेल्या तांदळात पुरला. आठव्या दिवशी तो सुरू झाला, आणि त्यांनी तिच्याकडून फोनचं लॉक विचारून घेतलं. "प्राण यायचा तर दार उघडं पाहिजे, माई."

नंतरची आज्ञा अशी होती. एकवीस दिवस फोन चार्जरवरून काढायचा नाही, फक्त गुरुवारी दरबारात आणायचा. आणि झोपताना आईनं तो उराशी धरायचा.

दरबार उठल्यावर मी पाटाजवळ गेलो. फोनची मागची बाजू फुगून कडेनं उचकटली होती. आत काहीतरी चंदेरी दिसत होतं.

"गोदूबाई, हे फुगलंय."

तिनं फोन पदराखाली घेतला. तिच्या चेहऱ्यावर हसू होतं, आणि त्या हसण्याचीच मला भीती वाटली. "म्हाराज बोलले, पोट आलंय त्याला. माजा कल्पेश फिरून जन्म घेतोय. हात लावा, गरम हाय. अंगात ऊब आलीय."

मी हरिचंद्रला बाजूला घेतलं. "ही बॅटरी आहे. कधीही पेट घेईल. चार्जिंगवरून काढा."

त्यानं माझा हात झटकला. "साहेब, तुमचा पोर नाय गेला." मग हलकेच म्हणाला, "येता सोडून पुढल्या सोमवारी कचेरीत जायचंय. नदीकाठचा तुकडा म्हाराजांच्या मठाच्या नावावर करतोय. तिथं समाधी बांधली का तो बोलायला लागल."

पुढचे दिवस मी रोज सकाळी उठून आधी त्यांच्या घराकडे बघायचो, धूर नाही ना म्हणून.

तीन दिवसांनी हरिचंद्रची पुतणी नूतन आली. उल्हासनगरला कॅम्प पाच भागात तिचं मोबाइल दुरुस्तीचं काउंटर आहे. ती परत निघाली तेव्हा मी तिला अंगणाबाहेर गाठून सगळं सांगितलं. तिनं कपाळावर हात मारला.

"काका, गेल्या महिन्यात माझ्याकडे नऊ डेड फोन आले. सगळ्यांच्या चार्जिंगच्या भोकात कुंकू लागलेला तांदूळ. मला वाटलं, लोक वेडे झालेत. म्हणजे हाच तो! ज्याचा फोन आपोआप सुकला त्याचा चमत्कार, बाकीचे नऊ माझ्या टेबलावर."

"काकीला सांग."

"फोन धोक्याचा आहे हे आत्ताच सांगून आले. ती म्हणते, तू मला त्याच्यापासून तोडायला आलीस." तिचे डोळे भरले. "गुरुवारी सगळ्यांसमोरच करावं लागेल."

पुढच्या गुरुवारी मी वाळूची बादली घेऊन गेलो. लोक हसले. हसू दिलं.

महाराज देवघरातून बाहेर आले, फोन पाटावर ठेवला, डहाळी उचलली. तेवढ्यात नूतन उठली आणि स्वतःचा फोन त्याच्या शेजारी ठेवला.

"महाराज, आधी माझ्या फोनवर शिंपडा ना. त्यात कोण येतं बघू."

"जिवंत माणसाच्या फोनमध्ये आत्मा येत नाही, पोरी."

"मग काही होणार नाही. घाबरता कशाला?"

गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "मारा ना म्हाराज, होऊन जाऊ दे." महाराजांनी डहाळी लांबूनच झटकली. काहीच झालं नाही. तेव्हा नूतननं ती त्यांच्या हातातून काढून घेतली, पाण्यात बुडवली आणि ओलं पान आपल्या फोनच्या काचेला हलकेच टेकवलं.

माझा फोन वाजला. मी तो उंच धरून सगळ्यांना दाखवला. नाव होतं, 'नूतन'.

"मी मेले का?" ती म्हणाली. "काचेला बोट कळतं, कारण आपल्या अंगातून थोडी वीज वाहते. हातात धरलेलं ओलं पान म्हणजे बोटच. मी कॉलची यादी उघडून ठेवली होती, वर हे काका. आत जाऊन यांनीही तीच उघडली. त्यात 'आई' सगळ्यात वर, कारण कल्पेशनं शेवटचा फोन तिलाच केला होता. झटकता झटकता पान त्यावर टेकलं की झालं. काका, उचला."

मी फोन उचलून दोन्ही फोनचे स्पीकर सुरू केले आणि माझा फोन तिच्या फोनजवळ नेला. तोच घूं घूं आवाज अंगणभर झाला.

"एकाचा आवाज दुसऱ्यात, दुसऱ्याचा पहिल्यात. लग्नातला माईक असाच कोकलतो. पाण्याखालून कुणी बोलत नाहीये."

"आणि हे?" महाराजांनी कल्पेशचा फोन उचलला. आवाज चढला होता, पण कपाळावर घाम होता. "हे पोट कुणाच्या बोटानं आलं? बघा, मी आज्ञा केली की प्राण खाली बसतो!" त्यांनी दोन्ही अंगठ्यांनी फुगलेली बाजू दाबली.

"दाबू नका!" मी ओरडलो.

आतून फुस्स झालं. गोडसर, उग्र वास आला. महाराजांनी फोन टाकला आणि पाटावरचं लाल कापड धडाधड पेटलं. हातभर ज्वाळा, पांढरा धूर. नूतननं काकीला मागे ओढलं. मी वाळू ओतली, तरी खालून ठिणग्या येतच होत्या.

सगळं विझल्यावर गोदूबाई काळ्या वाळूकडे बघत उभी राहिली. मग तिचा हात हळूहळू स्वतःच्या छातीवर गेला आणि तिथेच राहिला. हरिचंद्रनं ते पाहिलं. तो मटकन खाली बसला आणि कल्पेश गेल्यानंतर पहिल्यांदाच मोठ्यानं रडला.

महाराज कधी निघून गेले ते कळलंही नाही. ठरलेल्या सोमवारी कचेरीत कुणी गेलं नाही. नूतननं आणि मी पोलीस चौकीत तक्रार दिली. अंगणातल्या दीडशेपैकी चौघांनीच सह्या केल्या.

गोदूबाई बरेच दिवस नूतनशी बोलली नाही. एका दुपारी तिनं स्वतःचा फोन तिच्यापुढे सरकवला. "यात त्याचा काय हाय का बघ." नूतनला त्यात कल्पेशनं पाठवलेले अकरा व्हॉइस मेसेज सापडले. ते ऐकायचे कसे हे आईला कधी कुणी शिकवलंच नव्हतं. पहिला लावला. "आई, मना उशीर होईल, तू जेवून घे." गोदूबाईनं तो सात वेळा ऐकला आणि मग उठून ताट वाढून घेतलं.

म्हणून सांगतो. फोन भिजला तर बंद करा, पुसा, चार्जिंगला लावू नका, तांदळात पुरू नका, जाणत्याकडून उघडून साफ करून घ्या. फुगला असेल तर दाबू नका, घराबाहेर ठेवा. आणि तुमचं माणूस गेल्यावर कुणी म्हणालं की ते माझ्यामार्फत बोलतंय, तर रडता रडताही एवढं विचारा, हे कसं होतं, मला जवळून दाखवा. खरं असेल त्याला दाखवायची भीती वाटत नाही.