वाकड्या दांड्याचे ओगराळे आणि चिमणीचे पिल्लू

मित्रांनो, दचकू नका. खिळ्याला लटकलेले हे जुने पितळी ओगराळे तुमच्याशीच बोलते आहे. खोल वाटी आणि तिला उभा लांब दांडा, असे माझे रूप. काकूंच्या खानावळीत मी रोज चाळीस माणसांना वाढत असे. "काकूंच्या ओगराळ्याला बरकत आहे," असे जेवणारे म्हणाले की मला कोण आनंद व्हायचा! पुढे कुणीतरी माझ्या दांड्याने घट्ट बसलेले झाकण उचकटले. दांडा वाकला, स्टीलचे नवे डाव आले आणि माझ्याकडे कुणी बघेनासे झाले.

काकूंच्या थोरल्या नणंदेला, म्हणजे वन्संना, पाखरांचे सगळे ठाऊक. कावळा ओरडला की पाहुणा येणार, म्हणून त्या मूठभर तांदूळ जास्त टाकत. घुबडाचे नावही घेऊ देत नसत. झरोक्यातल्या पंख्यामागे चिमणीने घरटे केले, तेव्हा हे तर शुभच, म्हणून महिनाभर पंखा बंद!

"वन्सं, चिमणी सुखात आहे, पण मी मात्र उकडून निघाले," काकू कुरकुरत. पण पंख्याच्या बटणावर चिकटपट्टी लावली होती ती काकूंनीच.

एका सकाळी त्या घरट्यातले पिल्लू खाली पडले. अंगावर धड पिसेही नव्हती. काकूंनी हात पुढे केला, तोच वन्सं ओरडल्या, "अगं, हात नको लावूस! माणसाचा हात लागला की आई पिल्लाला जवळ घेत नाही."

"मग काय चिमट्यानं उचलू?"

वन्संची नजर माझ्यावर गेली. किती दिवसांनी मला काम मिळाले! काकूंनी पिल्लाला हळूच माझ्या वाटीत सरकवले. स्टुलावर चढून त्यांनी मला उंच धरले आणि माझा वाकडा दांडा त्यांच्या हातात फिरला. पिल्लू घसरले. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

ते जमिनीवर पडलेच नाही. खाली उभ्या असलेल्या वन्संनी ते ओंजळीत झेलले होते.

"लागला गं माझाच हात," त्या कशाबशा म्हणाल्या.

काकूंनी मला झरोक्याजवळच्या खिळ्याला अडकवले आणि पिल्लू घरट्यात ठेवले. दोघी दाराआड उभ्या राहिल्या. भात करपला, बाहेर ताटे वाजू लागली, तरी कुणी हलेना. शेवटी चिमणी आली. चोचीत अळी होती. आधी ती माझ्या दांड्यावर बसली, मान वाकडी करून तिने घरट्याकडे पाहिले आणि आत शिरली. मग आतून चिवचिवाट ऐकू आला.

"घेतलं गं तिनं!" वन्सं पदराने डोळे पुसत हसल्या. "हात लागला तरी घेतलं!"

अजूनही कावळा ओरडला की त्या तांदूळ जास्त टाकतात. टाकू द्या, कुणीतरी जेवून जाते. पण मित्रांनो, कुणी पडलेले दिसले तर माझ्यासारखे काही शोधत बसू नका. मी येईन हो, आनंदाने येईन; पण माझा दांडा वाकडा आहे. तुम्ही आधी तुमचा हात पुढे करा.