नळी वळली की बाहेर

कोच मॅडमची उंची जेमतेम पाच फूट, आणि आवाज असा की कॉलेजसमोरच्या बँकेतला शिपाई दचकून हातातला चहा सांडायचा. म्हणून पोरं त्यांना तोफ म्हणायची. पाठीमागे अर्थात. आपल्याला काय म्हणतात हे तोफेला ठाऊक नाही, असं समजणारा एखादा भाबडा जीव दर वर्षी टीममध्ये निघायचाच.

एकोणीस वर्षं त्या कॉलेजच्या रायफल टीमला शिकवत होत्या आणि एकोणीस वर्षं त्यांची नेमणूक वर्षावर्षाची होती. सुट्टी लागली की नोकरी संपायची, कॉलेज उघडलं की पुन्हा सुरू व्हायची. या वर्षी मात्र प्राचार्यांनी सांगितलं होतं, नव्या रेंजचं उद्घाटन झालं की कायम करतो, कागद तयार आहे. फक्त त्या दिवशी कृपा करून तोंड आवरा.

प्राचार्यांची ही भीती अगदीच खोटी नव्हती. रेंजवर मॅडमचा एकच नियम होता. रायफलची नळी नेहमी निशाणाकडे. ती वळली, की वळवणारा त्या दिवसापुरता बाहेर, मग रायफल रिकामी असो की भरलेली. आणि ज्याला दिसेल त्यानं ‘थांबा’ ओरडायचं, समोर कोण आहे ते न बघता. गेल्या वर्षी आंतरमहाविद्यालयीन सामन्यात त्यांची सगळ्यात तयारीची पोरगी, डाव्या हातानं नेम धरणारी म्हणून जिला सगळे डावरी म्हणायचे, पाठीमागून कोणीतरी हाक मारली म्हणून रायफल हातात घेऊन वळली. पंचांचं लक्ष नव्हतं. मॅडमचं होतं. त्यांनी स्वतःच्या हातानं तिला बाहेर काढलं आणि चषक दुसऱ्या कॉलेजला गेला.

“अहो, रिकामी होती ना रायफल?” प्राचार्यांनी डोक्याला हात लावून विचारलं होतं.

“रिकामी होती,” मॅडम म्हणाल्या होत्या.

यापेक्षा जास्त त्यांनी कधी कोणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं होतं. सव्विसाव्या वर्षी त्या परदेशी जाणाऱ्या संघाच्या निवडीत दोन गुणांनी पुढे होत्या. तीन गोळ्या उरल्या होत्या. मागून हाक आली, त्या वळल्या, आणि एका म्हाताऱ्या पंचानं त्यांना बाहेर काढलं. त्यांनी थयथयाट केला. रिकामी होती, रिकामी होती, म्हणून रेंज डोक्यावर घेतली. म्हाताऱ्यानं शांतपणे खिशातून डावा हात बाहेर काढला. दोन बोटं नव्हती. “ही ज्या रायफलनं नेली, तीसुद्धा रिकामीच होती,” तो म्हणाला. त्या संघात मॅडम गेल्या नाहीत, पुढेही कधी नाही. त्या पंचाचा राग करायला त्यांना एक वर्ष पुरलं आणि त्याला मानायला उरलेला जन्म.

उद्घाटनाच्या सकाळी नवऱ्यानं डब्यावर झाकण लावता लावता त्यांच्याकडे पाहिलं. तो घड्याळं दुरुस्त करायचा, त्यामुळे घाई त्याला माहीतच नव्हती.

“आज तरी तोंडाला कुलूप लावशील ना?”

“लावेन की.”

“किल्ली माझ्याकडे देऊन जा मग.”

त्या हसल्या. खरं सांगायचं तर त्यांनाही तो कागद हवा होता. पंचेचाळिशी उलटल्यावर दर वर्षी नव्यानं अर्ज लिहायचा म्हणजे माणसाला लाज वाटते, कितीही मोठा आवाज असला तरी.

नवी रेंज झकास झाली होती. पाहुणे सिमेंटच्या कारखान्याचे मालक, सगळा खर्च त्यांचा. फीत कापली, टाळ्या झाल्या, आणि पाहुणे म्हणाले, पहिली गोळी मी झाडणार. मॅडमनी कुलूप शाबूत ठेवलं. टेबलावरच्या रेतीच्या पिशवीवर रायफल टेकवून दिली, दस्ता खांद्याला कसा लावायचा ते दाखवलं, एकच काडतूस घातलं. पाहुण्यांनी गोळी झाडली. ती निशाणाच्या कागदाच्या कोपऱ्याला लागली आणि लोकांनी ती मध्यभागी लागल्यासारख्या टाळ्या वाजवल्या. टीम मागे उजव्या हाताला ओळीनं उभी होती. प्राचार्यांच्या जिवात जीव आला.

“साहेब, इकडे बघा!” फोटोवाला म्हणाला.

साहेब नुसते थोडेच बघणार. रायफल छातीशी धरून, हसत, अख्खेच्या अख्खे वळले. नळी पहिल्या रांगेतल्या खुर्च्यांवरून फिरत गेली.

“थांबा!”

ओरडली डावरी. आवाज असा की फोटोवाल्याच्या हातातून कॅमेऱ्याचं झाकण पडलं.

“अगं, रिकामी आहे,” पाहुणे हसून म्हणाले आणि नळी तशीच धरून उभे राहिले.

ते ‘रिकामी’ ऐकलं आणि मॅडमचं डोकं फिरलं. दोन ढांगांत त्या टेबलापाशी गेल्या, रायफल हिसकावली आणि निशाणाकडे वळवली. नळी आधी वर करायची, मग वळवायची, हे त्यांनी पोरांना हजार वेळा सांगितलं होतं. रागाच्या भरात वर करायचं राहिलं. नळी त्यांच्याच टीमच्या ओळीवरून सरसरत गेली.

“थांबा!” डावरी पुन्हा ओरडली. या वेळी मॅडमवर.

डावरीचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण ती मागे सरली नाही. मॅडमनी रायफल टेबलावर ठेवली, बोल्ट उघडला. रिकामी पुंगळी टणकन फरशीवर पडली.

“बघा! रिकामीच होती!” प्राचार्य जवळजवळ ओरडले. मग डावरीकडे वळले. “पाहुण्यांवर ओरडतेस? स्वतःच्या मॅडमवर ओरडतेस? माफी माग आणि टीममधून चालती हो. मॅडम, सांगा तिला.”

“ती कुठेही जाणार नाही,” मॅडम म्हणाल्या. “साहेब, तुमची नळी वळली. आजच्यापुरते तुम्ही बाहेर.”

“ही रेंज मी बांधून दिलीय,” पाहुणे म्हणाले. आता हसत नव्हते.

“हो. ती पाटीही तुमच्याच पैशांतली आहे. वाचा.”

भिंतीवर वीतभर अक्षरांत नियम लिहिलेला होता. पाहुण्यांनी वाचला. वाचून त्यांचा चेहरा आणखी लाल झाला.

प्राचार्यांनी कोटाच्या खिशातून तो कागद काढला आणि मॅडमच्या कानाशी येऊन दात-ओठ खात म्हणाले, “हा दिसतोय का? याच्यावर अजून माझी सही व्हायचीय. तिला काढताय की नाही?”

मॅडमनी कागदाकडे पाहिलं. त्यांना तो फार हवा होता. अगदी पोटातून हवा होता. आणि समोर टीम उभी होती, डोळ्यांची पापणी न हलवता, आज नियम कोणाकोणाला लागू होतो ते बघत.

“सर, कागदाचं उद्या बघू,” त्या म्हणाल्या. “आज मला इथे उभं राहायची परवानगी नाही. माझीही नळी वळली.”

त्यांनी गळ्यातली शिट्टी काढून डावरीच्या गळ्यात घातली.

“मॅडम, मी...” डावरीचा आवाज फाटला.

“बरोबर ओरडलीस. दुसऱ्यांदा जास्त बरोबर. सगळ्यांकडून पाच-पाच गोळ्या झाडून घे. दारावरचा लाल दिवा लावल्याशिवाय सुरू करायचं नाही, आणि तो लागला की कोणी आत यायचं नाही.”

आणि तोफ चालत दारातून बाहेर गेली. पाहुण्यांना मग आत थांबणं बरं दिसेना. तेही बाहेर आले, मॅडमकडे न बघता गाडीत बसले आणि गेले. मागोमाग खुर्च्यांवरची माणसं पांगली.

मॅडम दाराशेजारी उन्हात उभ्या राहिल्या. गंमत म्हणजे त्यांना हलकं वाटत होतं. प्राचार्य शेवटी आले. कागदाचे चार तुकडे करून त्यांनी तो कचऱ्याच्या डब्यात टाकला होता, हे सांगायलाच बहुधा.

“उद्यापासून यायची गरज नाही.”

“उद्या सातला मी येणार,” मॅडम म्हणाल्या. “आजची शिक्षा आजपुरती असते. मला काढायचं तर कारण लेखी द्या, सर. नळी माणसांवर रोखू दिली नाही म्हणून काढलं, असं लिहा. मी ते चौकटीत लावीन, पाटीच्या शेजारी.”

आतून शिट्टी वाजली, दारावरचा लाल दिवा लागला.

“बंद करतो हा तमाशा,” ते म्हणाले आणि तरातरा दाराकडे गेले. दार ढकललं, एक पाय उंबरठ्यावर ठेवला.

“थांबा!”

आतून आलेला आवाज इतका दणदणीत होता की समोरच्या बँकेतला शिपाई पुन्हा दचकला असेल. त्याला वाटलं असतं, मॅडमच ओरडल्या, पण मॅडमचं तोंड तर बंद होतं. त्या भिंतीला टेकून नुसत्या हसत होत्या.

आणि प्राचार्य, एक पाय आत आणि एक बाहेर, जागच्या जागी थांबले.